माळ्यावरील कर्णा

प्रत्येक गोष्टीस वय असतें, असें आपल्याकडील वडील मंडळी वारंवार सांगत असतात, व पुष्कळ गोष्टींच्या बाबतींत तें खरेंहि आहे. परंतु या एका वाक्याच्या जोरावर कित्येक निरुपद्रवी व आनंददायक गोष्टींस आपण घरांतून हांकून देत असतों. त्यांपैकीं एकीविषयीं आमच्या विद्यार्थिमित्रांशीं, आणि त्यांच्याहूनहि अधिक त्यांच्या आईबापांशीं, चार शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें. शाळेच्या बँडांत शिकलेलें, शाळा सुटतांच सुटलेलें, आणि चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर पुन्हां हातीं घ्यावेंसें वाटणारें कर्णावादन, हा तो विषय होय. ज्याला इंग्रजींत ट्रंपेट म्हणतात तो कर्णा, आणि ज्याला कॉर्नेट म्हणतात तो त्याचा आखूड बांध्याचा भाऊ. या लेखापुरतें आम्ही दोघांनाहि कर्णाच म्हणूं.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. प्रौढ वयांत कर्ण्याकडे परतणारा मनुष्य पोरकटपणा करीत नाहीं. तो एक अवघड काम हातीं घेत असतो. त्यांत त्याला यश येईलच असें नाहीं, आणि तरीहि त्याच्या घरच्यांनीं त्याच्या वाटेंत येऊं नये. शिवाय शाळांनीं अशा माणसांसाठीं आपलें दार उघडें ठेवावें.

क्रम बहुधा ठरलेला असतो. सातवी-आठवींतला मुलगा बँडांत जातो. पहिल्या महिन्यांत त्याच्या कर्ण्यांतून रेड्याच्या रेकण्यासारखा आवाज निघतो व घरचीं माणसें हंसतात. वर्षभरानें तोच मुलगा प्रजासत्ताक दिनाच्या संचलनांत पुढच्या रांगेंत दिसतो, आणि नाताळच्या उपासनेंत त्याच्या स्वरामागें सगळी मंडळी गाते. दहावीचें वर्ष उजाडलें कीं वडील म्हणतात, "आतां हें पुरे." मग महाविद्यालय, नोकरी, लग्न, मुलेंबाळें. कर्णा शाळेचा असेल तर तो शाळेच्या कपाटांत परत जातो. घरचा असेल तर माळ्यावर चढतो, आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईंत मोडवाल्याच्या तागडींत जाऊन बसतो. पितळ म्हणून त्याचे पैसे येतात. वाद्य म्हणून त्याची किंमत कोणी विचारीत नाहीं.

पुढें वीस-पंचवीस वर्षांनीं केव्हां तरी, एखाद्या मिरवणुकींत किंवा स्वतःच्याच मुलाच्या स्नेहसंमेलनांत, तो जुना स्वर कानीं पडतो आणि या गृहस्थाचे ओठ आपोआप आवळले जातात. घरीं येऊन तो म्हणतो, "मी पुन्हां वाजवूं कां?" त्यावर घरांत जें हंसें होतें तें पहिल्या महिन्यांतल्या हंशासारखेंच असतें, पण त्यांत तेव्हांची माया नसते. शेजारीपाजारी 'म्हातारचळ' हा शब्द काढतात. हीच इच्छा पन्नाशीच्या एखाद्या बाईनें बोलून दाखविली तर तिला काय ऐकावें लागेल, तें आम्ही येथें लिहीत नाहीं.

या हंशाच्या मुळाशीं वयाहून जुनी एक गोष्ट आहे, ती उघड बोलली पाहिजे. तोंडानें फुंकण्याचें वाद्य हें भल्या घरच्या माणसाचें वाद्य नव्हे, असें आमच्या महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या मानलें गेलें. लग्नाचा मुहूर्त सनईवांचून साजरा व्हावयाचा नाहीं, देवाच्या पालखीपुढें शिंग-तुतारी हवीच. पण तीं फुंकण्याचें काम गुरव, होलार, मातंग इत्यादि ज्ञातींकडे सोंपविलेलें. तोंड लागलें कीं वाद्य उष्टें झालें, ही कल्पना त्यामागें होती. पितळी वाद्यांचा बँड आला तेव्हां तोहि याच जुन्या मापानें मोजला गेला, आणि 'बँडवाला' हा शब्द आजहि फारसा कोणी आदरानें उच्चारीत नाहीं. केशवसुतांची 'तुतारी' मुलांकडून पाठ करून घेणारीं घरें पुष्कळ आहेत. त्या घरांत एखाद्या दिवशीं खरी तुतारी आणून ठेविली तर काय होईल, हा विचार मोठा मनोरंजक आहे.

गोव्यांत चित्र निराळें दिसतें. तेथें चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलेखन वाचावयास शिकविण्याची जुनी रीत होती, आणि मुंबईच्या नृत्यगृहांना व चित्रपटांच्या वाद्यवृंदांना पुढें जे वादक मिळाले त्यांतील फार मोठा भाग गोव्याचा होता. हळदोणें गांवीं १९१६ सालीं जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नांवानें कर्णेवादक म्हणून मुंबईंत इतके नांवाजले गेले कीं लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र यांच्यासारख्या महाराष्ट्रीय संगीतकाराबरोबर त्यांनीं काम केलें. त्यांच्या फुंकण्यास कोणी उष्टें म्हटलें नाहीं. लोक नुसते थिरकले.

आणि आमच्या ख्रिस्ती वाचकांस तर हें वाद्य परकें वाटूंच नये. गणना या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायांत घडीव चांदीचे दोन कर्णे करविण्याची आज्ञा आहे, आणि ते फुंकण्याचें काम याजकांकडे, म्हणजे त्या समाजांतील सर्वांत मानाच्या वर्गाकडे, दिलें आहे. मिसर देशांत तुतनखामेन राजाची जी कबर १९२२ सालीं सांपडली, तींतहि दोन कर्णे निघाले, एक चांदीचा व एक काशाचा. १९३९ सालीं ते नभोवाणीवर वाजवून जगास ऐकविण्यांत आले. तीन हजारांहून अधिक वर्षें ते मुके होते. माळ्यावरच्या पंचवीस वर्षांची मग काय कथा!

आतां परतणाऱ्यास खरोखर काय अडतें तें पाहूं. कर्णा म्हणजे पांच फुटांहून थोडी कमी लांबीची, गुंडाळून आटोपशीर केलेली पितळी नळी. तिला स्वतःचा आवाज नाहीं. आवाज उत्पन्न होतो तो ओठांच्या थरथरण्यानें. नळीवर तीन व्हॉल्व्ह असतात. मधला दाबला कीं स्वर अर्ध्यानें उतरतो, पहिला दाबला कीं एकानें, तिसरा दाबला कीं दीडानें. श्टोल्त्सेल व ब्ल्यूमेल या दोन जर्मन वादकांनीं १८१८ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें; त्यापूर्वींचे साधे कर्णे मोजकेच स्वर देत. परंतु बोटें जागचीं न हालवितां, केवळ ओठ कमी-अधिक आवळून, त्याच नळींतून एकाहून एक वरचे स्वर काढतां येतात. त्यांपैकीं कोणता काढावयाचा तें बोटें सांगत नाहींत, कान सांगतो. पेटीची पट्टी दाबली म्हणजे तिचा स्वर यावयाचाच, मग तो वाजविणाऱ्याच्या मनांत असो वा नसो. कर्ण्याचें तसें नाहीं. मनांत स्वर आधीं उमटला नसेल तर बाहेर भलताच येतो.

यामुळें परतणाऱ्याची स्थिति मोठी विचित्र होते. बोटें फारसें विसरत नाहींत. दोनचार दिवसांत तीं आपापल्या जागा ओळखूं लागतात. कान तर पूर्वींपेक्षां अधिक जाणता झालेला असतो, कारण मधल्या वर्षांत मनुष्यानें पुष्कळ ऐकलेलें असतें. विसरतात ते ओठ. ओठांभोंवतीं जो वर्तुळाकार स्नायु आहे त्याचा कस सराव थांबल्यावर थोड्या आठवड्यांतच उतरूं लागतो, मग पंचवीस वर्षांनंतर तेथें काय उरणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं असें आपण म्हणतों. येथें पीळ तेवढा शाबूत असतो, आणि सुंभच जागेवर नसतो. पंधराव्या वर्षीं सहज लागणारा वरचा स्वर आतां लागत नाहीं, आणि तो लागत नाहीं हें त्या जाणत्या कानास फार चांगलें कळतें. नवशिका पोरगा आपल्या रेकण्यावर खूष असतो. परतलेल्या माणसास तें सुख नाहीं. आमची अशी समजूत आहे कीं वाद्य दुसऱ्यांदां माळ्यावर जातें तें शेजाऱ्यांच्या हंशामुळें क्वचित्‌ आणि स्वतःच्या कानामुळें बहुधा.

अशा वेळीं बंक जॉन्सनची हकीकत आठवावी. अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स शहरीं जॅझ नांवाचें जें नवें संगीत गेल्या शतकाच्या आरंभीं आकार घेत होतें, त्याच्या पहिल्या पिढींतला हा कृष्णवर्णीय कर्णेवादक. १९३१ सालीं लुइझियाना संस्थानांतील रेन या गांवीं नृत्याचा कार्यक्रम चालू असतां भयंकर मारामारी झाली. ज्या बँडांत जॉन्सन वाजवीत होता त्याच्या नायकास तेथेंच भोंसकून ठार करण्यांत आलें, आणि जॉन्सनच्या कर्ण्याचा चुराडा झाला. पुढें त्याचे समोरचे दांतहि गेले. दांत नसले म्हणजे ओठांस आधार राहत नाहीं व कर्णा वाजविणें जवळजवळ अशक्य होतें. न्यू आयबेरिया नांवाच्या लहानशा गांवीं मोलमजुरी करून तो दिवस काढूं लागला.

विल्यम रसेल व फ्रेडरिक रॅम्से हे अभ्यासक १९३८-३९ च्या सुमारास या संगीताचा पूर्वेतिहास जुळवीत असतां त्यांनीं त्याला हुडकून काढलें. मला दांत आणि कर्णा मिळाला तर मी अजून वाजवूं शकेन, असें त्यानें त्यांस पत्रानें कळविलें. मंडळींनीं वर्गणी केली. कवळी करून दिली ती लेनर्ड बेशे या दंतवैद्यानें. प्रसिद्ध वादक सिडनी बेशे याचाच हा भाऊ. १९४२ सालीं बंक जॉन्सनचें पहिलें ध्वनिमुद्रण झालें. तारुण्याच्या ऐन भरांतला त्याचा एकहि स्वर कोठें साठविलेला नाहीं. आज जग जें ऐकतें तें कवळी लावलेल्या परतलेल्या माणसाचें वादन आहे. १९४५ च्या सप्टेंबरांत तो आपला बँड घेऊन न्यूयॉर्क शहरीं गेला व तेथें त्याला ऐकावयास गर्दी लोटली. ७ जुलै १९४९ रोजीं तो वारला.

या हकीकतीला साखर लावण्याची आमची इच्छा नाहीं. परतल्यानंतरचें त्याचें वादन सारखें नव्हतें. कांहीं मुद्रणांत तो भरदार व शांत वाजवितो, कांहींत दम तुटतो व स्वर घसरतो. रसिकांत त्यावरून दोन तट पडले व ते अद्याप मिटलेले नाहींत. स्वतःच्या वयाविषयींहि तो नेमका नसे. जन्मसाल तो १८७९ सांगे, पण त्यांत त्यानें सुमारें दहा वर्षें वाढविलीं असावींत असें अनेक संशोधक मानतात. पन्नाशींत परतला कीं साठींत, हा वाद आम्ही त्यांच्याकडेच सोंपवितों. आमच्यापुरतें महत्त्वाचें तें हें, कीं जें वाजलें तें तरुण बंकचें अनुकरण नव्हतें. त्यानें कमी स्वर वाजविले, आणि जागा बघून वाजविले.

दुसरी हकीकत आमच्या शाळेसारख्या शाळेंतील मुलांस अधिक जवळची वाटेल. चार्ल्सटन शहरीं रेव्हरंड डॅनियल जेन्किन्स या कृष्णवर्णीय बाप्टिस्ट उपदेशकानें १८९१ सालीं अनाथ मुलांसाठीं एक आश्रम काढला, आणि लोकांनीं टाकून दिलेलीं जुनीं वाद्यें गोळा करून मुलांचा बँड उभा केला. जॅबो स्मिथ हा सहा वर्षांचा असतां तेथें आला व तेथेंच कर्णा शिकला. १९२९ सालीं, विशीच्या आंतबाहेर, त्याच्या तबकड्या निघाल्या. त्या वेळीं आर्मस्ट्राँगशीं त्याची तुलना होत असे. मग तो मागें पडला, मिलवॉकी शहरीं मोटारी भाड्यानें देणाऱ्या कंपनींत कामाला लागला, आणि लोक त्याला विसरले. १९७९ सालीं, सत्तर वर्षांचा असतां, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'वन मो टाइम' या संगीत नाटकांत तो पुन्हां उभा राहिला. १९९१ सालीं तो निवर्तला. टाकून दिलेलीं वाद्यें आणि टाकून दिलेलीं मुलें एकत्र आणणारा तो उपदेशक आम्हांस या सर्वांत मोठा वाटतो.

परतूं इच्छिणाऱ्यांस थोडें व्यावहारिक सांगतों. वाद्य माळ्यावरून काढलें कीं लगेच तोंडास लावूं नये. व्हॉल्व्ह अडकले असतील, नळ्या गंजानें धरल्या असतील. त्यांवर पकड चालविली कीं पितळ चेमटतें व वाद्य कायमचें बिघडतें. कोमट पाण्यानें धुवावें, तेल सोडावें, आणि तरीहि न सुटल्यास वाद्यें दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्यावें. पहिला आठवडा दिवसास दहा मिनिटें पुष्कळ झालीं. जितका वेळ वाजविलें तितका वेळ ओठांस विसांवा द्यावा. खालचे स्वर, हळू आणि लांब. वरच्या स्वरांचा मोह महिनाभर तरी बाजूस ठेवावा. ओठांत जोर नसला म्हणजे माउथपीस तोंडावर दाबून स्वर काढण्याची बुद्धि होते. त्यानें एक दिवस स्वर निघतो व चार दिवस ओठ बधिर राहतात. फ्रेंच वादक आर्बां याचा १८६४ सालीं निघालेला अभ्यासग्रंथ आजहि जगभर वापरांत आहे. त्याचीं पहिलीं पानें शाळकरी मुलास जितकीं उपयुक्त तितकींच पन्नाशीच्या गृहस्थास. ज्यांना काचबिंदू, अंतर्गळ किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें, कारण जोरानें फुंकतांना छातींतील व डोळ्यांतील दाब वाढतो. कवळी असेल तर ती घट्ट बसलेली हवी. एवढें सांभाळलें तर भिण्याचें कारण नाहीं.

पालकांशीं आमचा एक वाद आहे. आपल्याच गांवच्या भजनी मंडळाकडे पाहा. सत्तरीचा म्हातारा पखवाज घेऊन बसतो, त्याच्या शेजारीं नातू टाळ धरतो. त्या म्हाताऱ्यास कोणी वयाची आठवण देत नाहीं. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हां गिरणगांवांत दिवसभर मागावर उभे राहिलेले लोक रात्रीं भजनास बसत. हीच गोष्ट इंग्लंडांतील गिरण्या व कोळशाच्या खाणींच्या गांवीं पितळी बँडांत घडली. यॉर्कशायरमधील ब्लॅक डाइक मिल्सचा बँड १८५५ सालापासून चालत आलेला आहे. तशा गांवोगांवच्या बँडांत बाप, मुलगा व आजोबा एकाच रांगेंत बसत, म्हणून तेथें परतण्याचा प्रश्नच कमी येई. कोणी फारसें दूर गेलेलेंच नसे. अमेरिकेंत रॉय अर्न्स्ट या संगीतशिक्षकानें १९९१ सालीं रॉचेस्टर शहरीं मुद्दाम उतारवयाच्या माणसांसाठीं बँड काढला. त्यांत कधींच न शिकलेल्यांना आणि शिकून सोडलेल्यांना सारखाच प्रवेश. त्या नमुन्यावर पुढें इतर गांवींहि बँड निघाले. अर्न्स्ट यांनीं कांहीं नवा शोध लावला असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या देवळांत जें पखवाजासाठीं चालतें तें त्यांनीं कर्ण्यासाठीं चालविलें.

म्हणून आमची शाळांना सूचना अशी, कीं आठवड्यांतून एक संध्याकाळ बँडची खोली माजी विद्यार्थ्यांस उघडी असावी. कपाटांत न वापरलेलीं वाद्यें पडून असतात. तीं त्यांना द्यावीं. त्यांनीं मुलांच्या शेजारीं बसून खालची बाजू वाजवावी. मुलांसहि त्याचा लाभ आहे. शेजारचा टक्कल पडलेला गृहस्थ चुकतो, थांबतो, ओठ पुसतो आणि पुन्हां सुरुवात करतो, हें पाहणें मुलांस दहा उपदेशांहून उपयोगी पडेल. शिवाय आज बँडांत असलेल्या मुलास कळेल कीं दहावीच्या वर्षीं वाद्य खालीं ठेवणें म्हणजे तें कायमचें ठेवणें नव्हे. मग तें मोडवाल्याकडे जाणार नाहीं. वर्ष दोन वर्षें अभ्यासासाठीं बाजूस ठेवण्यास आमची हरकत नाहीं. वडिलांचें तेवढें म्हणणें रास्त आहे. आमची हरकत विकण्यास आहे.

राहिला प्रश्न आवाजाचा, आणि तो चाळींत व सदनिकांत राहणाऱ्यांसाठीं खरोखर बिकट आहे. कर्णा कुजबुजत नाहीं. त्याच्या तोंडांत बसविण्याचा म्यूट मिळतो, त्यानें आवाज पुष्कळ दबतो. तो नसेल तर कपड्यांनीं भरलेलें कपाट उघडून त्याकडे तोंड करून वाजवावें, साड्या आणि कोट बराचसा आवाज गिळून टाकतात. संध्याकाळीं सहा ते सात ही वेळ बरी. शेजाऱ्यांस आधीं जाऊन सांगावें. सांगितलेला त्रास माणसें सोसतात. परीक्षेच्या दिवसांत भिंतीपलीकडे दहावीचा मुलगा असेल तर मात्र वाद्य पेटींतून काढूंच नये. तो महिनाभर नुसता माउथपीस खिशांत घालावा, आणि समुद्रावर किंवा गांवाबाहेरच्या माळावर फिरावयास गेल्यावर तेवढाच फुंकावा. लोक वळून पाहतात. त्यांना पाहूं द्यावें.